चुंबळीचा तास

सावेडी, अहिल्यानगर
शुक्रवार, २२ मे

प्रिय आराधना,

पत्त्यात गावाचं नवं नाव लिहिताना माझं पेन अजून अडतंय, पण होईल सवय. पत्र बघून दचकू नकोस. पप्पा बरे आहेत, त्यांचा गुडघा होता तसाच कुरकुरतोय, माझी शुगर जाग्यावर आहे. पोस्टानं हे तुझ्यापर्यंत पोचायला जुलै उजाडेल, म्हणून पप्पा एकेका पानाचा फोटो काढून तुला पाठवणार आहेत. फोनच का नाही केला, असं विचारशील. फोनवर तू माझं तोंड बघतेस, मी तुझं बघते, आणि मग दोघी 'जेवलीस का' नि 'भाजी काय केली' यावरच घुटमळतो. चौतीस वर्षं खडू धरलेला हात आहे, जे तोंडाला जमत नाही ते याला जमेल असं वाटलं, म्हणून बसलेय.

रविवारी तू सांगितलंस की येत्या गुरुवारचा तास तू घेणार नाहीस. तुमच्या शाळेतल्या ज्येष्ठ लिऊ बाईंनी मुख्याध्यापकांकडे शब्द टाकून तुला दुसरी संधी मिळवून दिली, ती तू नको म्हणून कळवणार. तास नाही म्हणजे तीन वर्षांचा करार नाही, म्हणजे जुलैत गाशा गुंडाळून घरी. 'आई, शिकवणं हे माझं कामच नव्हे बहुतेक, त्या दिवशी सगळ्यांना दिसलं ते,' असं म्हणालीस आणि वर हसलीस. ते हसणं मला ओळखू येतं गं. मी काय म्हणाले? 'बरं बाळा, तुला वाटेल तसं कर.' आणि फोन ठेवून वरणाला फोडणी दिली. लेक परत येतेय म्हटल्यावर तुझं तोंड का उतरलं, असं पप्पांनी विचारलं. मी म्हटलं, ऊन बाधलं.

तुझ्याकडे पाच आठवडे राहून आले त्याला आता महिना झाला. या महिन्यात मी नगरमध्ये काय काय सांगत फिरलेय ते तरी ऐक. भाजीवाली, चर्चमधल्या बायका, बँकेतला शिपाई, कुणालाही सोडलेलं नाही. पप्पा म्हणतात, आमच्या हिच्याकडे चीनची एजन्सी आलीय. अगं पण सांगू नको तर काय करू? सकाळी सव्वासहाला कर्ण्यावर गाणं सुरू होतं आणि सहाशे पोरं रांगा धरून मैदानाला फेऱ्या मारतात, आणि त्यांच्यात लाल जाकीट घातलेली एक सावळी पोरगी पुढून पळतेय, ती माझी! नगरला असताना तुला उठवायला मी तोंडावर पाणी मारायची. गच्चीतून पहिल्यांदा तो प्रकार बघितला तेव्हा मला भरून आलं, पण कुणाला सांगणार? शेजारी तुमचा तो वॉचमन होता, त्यानं मला थर्मासमधलं गरम पाणी ओतून दिलं. त्या गरम पाण्यानं मात्र मी हैराण झाले. जो उठतो तो गरम पाणी पाजतो. पहिले दोन दिवस मला वाटलं की मी यांना आजारी दिसतेय. आपण नगरची माणसं, मार्चपासून माठ मांडणारी! पण खरं सांगू, आल्यापासून मी सकाळी गरम पाणीच पिते. पप्पांना सांगितलंय की डॉक्टरांनी सांगितलं.

आणि तुझ्या शाळेच्या फाटकाबाहेरची ती शेवयांवाली बाई! तुला बघितलं की न विचारता दोन चमचे मिरची जास्त टाकते आणि मग तुझ्याकडे बघत उभी राहते, घाम फुटतो का म्हणून. तुला फुटत नाही म्हणून तिला तुझा केवढा अभिमान. तुमच्या हुनान प्रांतातली माणसं मिरची खाण्यात आपल्याला ऐकायची नाहीत, हे मी इथं सांगते तेव्हा कुणी विश्वास ठेवत नाही. सगळ्यांना वाटतं तिकडे नुसतं अळणी. मी नेलेला ठेचा त्या बाईनं बोटानं चाटला, डोळे मिटले, आणि बरणीच ठेवून घेतली. भाषा कुणालाच कुणाची येत नव्हती. संध्याकाळी चौकात साठ-सत्तर बायका रांगेत गाण्यावर नाचतात, त्यातही तिनंच मला ओढलं. मी, मरियमबाई, जिल्हा परिषदेची निवृत्त उपाध्यापिका, साडीचा पदर खोचून चीनच्या चौकात नाचले. त्याचा फोटो तू पप्पांना पाठवायला नको होतास, त्यांनी तो गहिनीनाथ रिक्षावाल्यालासुद्धा दाखवलाय.

पण खरं कौतुक वर्गाचं. दुपारी जेवणं झाली आणि मी तुझ्या वर्गाशी आले तर बावन्नच्या बावन्न पोरं बाकावर डोकी टाकून गप्प. मला वाटलं, शिक्षा झाली. माझ्या लेकीनं असं काय केलं या लेकरांना? तू ओठांवर बोट ठेवून मला बाहेर नेलंस आणि सांगितलंस की ही रोजची झोपायची वेळ, सगळी शाळा झोपते. मग मला हसूच आवरेना. आमच्याकडे वर्गात डुलकी लागली तर खडू यायचा कपाळावर. झोप झाली की गाणं लागतं, पोरं डोळे मिटून बोटांनी भुवया दाबतात, डोळ्यांचा व्यायाम म्हणे. आणि फरशी पुसायला शिपाई नाही, पाळीपाळीनं पोरंच पुसतात, आणि त्या पाळीत तुझंही नाव! एका पोरीनं स्वतःचं इंग्रजी नाव 'ऑक्टोबर' ठेवलंय, का तर तिला ते ऐकायला गोड वाटतं. तू तिला त्याच नावानं हाक मारतेस, आणि तिचं घरचं चिनी नावही नीट म्हणतेस. बावन्न पोरांची दोन-दोन नावं तुझ्या जिभेवर. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, तू नाव चुकलीस असं एकदाही झालं नाही.

आणि रविवारची दुपार. ती मी इथं कुणाला नीट सांगू शकले नाही. तुझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईबाप दूर दक्षिणेकडे कारखान्यांत नाहीतर बांधकामांवर, पोरं वसतिगृहात. वर्षातून एकदा भेट. तू रविवारी वर्ग उघडतेस, एकेकाला आईबापाशी फोन जोडून देतेस, आणि पोरानं त्या आठवड्यात शिकलेलं एक इंग्रजी वाक्य आईबापाला शिकवायचं. तो पिवळं हेल्मेट घातलेला बाप मला अजून दिसतो. मागं क्रेन हलतेय आणि हा ओरडून ओरडून म्हणतोय, 'माय शूज आर वेट!' सगळा वर्ग खिदळतोय, बाप खिदळतोय. मला पाथर्डीची शाळा आठवली. दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघायच्या, ट्रॅक्टर भरायचे. तुझ्याकडे आईबाप जातात आणि पोरं मागं राहतात, आमच्याकडे पोरंही भांड्याकुंड्यांवर बसून त्यांच्याबरोबरच जायची. निम्मा वर्ग ओस. आणि मी काय करायची? हजेरीपटात त्यांच्या नावापुढे 'स्थलांतरित' लिहायची आणि पुढचं नाव घ्यायची. कोण कुठल्या कारखान्याला गेलं, हे विचारायचंही कधी सुचलं नाही. चौतीस वर्षांत एकदाही नाही. तुझ्या वर्गातल्या मागच्या बाकावर बसून मला त्याची लाज वाटली, आणि तुझा अभिमानही वाटला. दोन्ही एकदमच.

तुमच्या त्या उघड्या तासाची पद्धत मी इथल्या दोन शिक्षिकांना समजावून सांगितली, त्यांनी तोंडात बोटं घातली. एक शिक्षक तास घेतो आणि बाकीचे पंधरावीस जण स्टुलं घेऊन मागं बसतात, वहीत टिपतात, आणि मग टेबलाभोवती बसून त्याच्या तोंडावर चुका सांगतात. पुढच्या आठवड्यात त्यांच्यापैकी एकाची पाळी, आणि हा मागं बसून टिपणार. आमच्याकडे विस्तार अधिकारी यायचे, पोहे खायचे, शेरेबुकात 'समाधानकारक' लिहायचे आणि जीपमध्ये बसायचे. तू त्या तासाची किती तयारी केली होतीस! कापडी पिशवीत एक वस्तू, पोरांनी कधी न पाहिलेली. त्यांनी इंग्रजीत प्रश्न विचारत जायचं, खायची आहे का, अंगावर घालायची आहे का, कोण बनवतं, आणि चाळीस मिनिटांत शोधून काढायचं. तुझ्या सांगण्यावरून मी इथून चुंबळ नेली होती, डोक्यावर हंड्याखाली ठेवायची ती कापडाची, छबूबाईनं वळून दिलेली. ती माझ्या शाळेत खिचडी शिजवायची, अजून येते भेटायला. म्हणाली, 'चीनला चुंबळ? लेक तिथं हंडं भरायला गेलीय व्हय बाई?' तू चार वेळा तो तास स्वयंपाकघरात माझ्यावर घेऊन बघितलास, मला चौथीची विद्यार्थिनी करून. उत्तर सापडण्याला काही किंमत नाही आई, विचारण्याला आहे, असं म्हणालीस. मला वाटलं, हे मला कुणी माझ्या पंचविशीत सांगायला हवं होतं.

आणि तासाला काय झालं ते आपल्या दोघींना माहीत आहे. तू पिशवी वर धरलीस. तुझं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत ऑक्टोबर उठली आणि खणखणीत आवाजात 'छुंबाऽल!' म्हणाली. मग बावन्न पोरं, 'छुंबाल, छुंबाल!' डोक्यावर हात ठेवून, कंबर हलवत हंडा नेल्याची नक्कल. पिशवी अजून बंदच. लिऊ बाईंचं पेन वहीवर थांबलं. तू मागं माझ्याकडे बघितलंस आणि तिथंच तुझा आवाज गेला. उरलेला सगळा वेळ तू पुस्तकातला धडा वाचत राहिलीस, एखाद्या नवख्या बाईसारखा. नंतर टेबलाभोवती सगळ्यांनी सांगितलं, चांगल्या शब्दांत पण स्पष्ट, की अडचण कुणावरही येते, शिक्षकाला त्यातून वर्ग सावरता यायला हवा. तू ते वहीत लिहून घेतलंस. पोरांना उत्तर कळलं कसं, असं विचारल्यावर तू म्हणालीस, माझीच चूक, माझा निष्काळजीपणा. माझं नाव घेतलं नाहीस. लिऊ बाईंनी मला ते नंतर फोनमधल्या भाषांतरावर दाखवलं, तुझी लेक फार प्रामाणिक आहे म्हणून. घरी जाताना मी तुला सांगितलं की पोरं खाली खेळताना भेटली, राहवलं नाही, तपासणीच्या आदल्या दिवशी पोरं तयार करून ठेवायची आयुष्यभराची सवय, तुझीच पोरं चमकावीत म्हणून सांगून टाकलं. तू रस्त्यात थांबलीस आणि मला मिठी मारलीस. 'आई, तू पण ना!' म्हणालीस. दुसऱ्या दिवशी मला शेवया खायला नेलंस.

परवा बुधवारी चर्चच्या महिला सभेत मला चीनवर बोलायला सांगितलं होतं. अर्धा तास दिला होता, मी सव्वा तास बोलले. गरम पाणी, झोप, नाच, सगळं. आराधनासारखी शिक्षिका मी दुसरी बघितली नाही, असं सगळ्यांसमोर म्हणाले आणि टाळ्या घेतल्या. शेवटी चुंबळीची गंमत सांगितली, माझ्या तपासणीच्या सवयीसकट. अगं, बायका हसून हसून बाकावरून पडायच्या राहिल्या. पाळकसाहेबांच्या पत्नींनी तर डोळे पुसले. एकटे पप्पा मागच्या बाकावर हसले नाहीत. मला न्यायला आले होते ना. परत येताना रिक्षात बाहेर बघत हळूच म्हणाले, 'मरियम, तुला कसली गं ती सवय? राधाकृष्ण मास्तरांनी तपासणीच्या आदल्या दिवशी पोरांना उत्तरं सांगितली म्हणून तू त्यांच्याशी वर्षभर बोलली नव्हतीस.' बास. गहिनीनाथची रिक्षा होती, तो आपला मागं वळून मला चीनचं विचारत होता, आणि मी त्याला गरम पाण्याचं सांगत बसले.

बाळा, मला तसली सवय कधीच नव्हती. ते मी मुद्दाम केलं. आदल्या दिवशी दुपारी लिऊ बाई संत्री घेऊन आल्या आणि फोनवर भाषांतर करून दाखवलं, की उद्याचा तास चांगला झाला की आराधना तीन वर्षं आमची. केवढ्या आनंदानं दाखवलं त्यांनी. आणि माझ्या डोक्यात एकच आलं, तीन वर्षांनी तू चौतीसची होशील, मी सहासष्टची, पप्पा एकाहत्तरचे, आणि त्यानंतर तू कशाला येतेस? त्यातच कुठंतरी तुझ्या शिकवण्याचा हेवाही होता, तोही लिहून टाकते. मी चुंबळ पर्समध्ये घातली, मैदानात गेले, डोक्यावर ठेवून दाखवली, आणि ऑक्टोबरच्या घोळक्याकडून शब्द दहा वेळा घोकून घेतला. तास पडावा म्हणूनच. वर्गात तू मागं वळून बघितलंस तेव्हा मी हसत होते, तुला आठवत असेल. तू ते बघून थांबलीस. कौतुकानं हसत नव्हते मी, जमलं म्हणून हसत होते. तुला त्यातलं काही कळलं नाही, पण तुझ्या आवाजाला कळलं असावं. त्या दिवशी शिकवण्यात तू कमी पडली नाहीस. तुझा तास मी पाडला, आणि तू स्वतःला नालायक म्हणत असताना महिनाभर मी ऐकून घेतलं, कारण तू घरी येणार होतीस. मला माफ कर असं मी लिहिणार नाही, ते तुझ्याकडे तुझ्या वेळेनं मागेन. खूप राग राग कर, हवं तर फोन उचलू नकोस. लिऊ बाईंना हे सगळं सांगायचं असेल तर सांग, माझी हरकत नाही. पण गुरुवारी वर्गात जा. आणि या वेळी पिशवीत काय ठेवणार आहेस, ते मला सांगू नकोस.

तुझीच, तू ठेवशील त्या नात्यानं,
आई